लाइनहूतो या शब्दातली दवंडी

"काका, ही लाइन तुम्ही चेंज केली?"

नेहाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. नेहा माझी बॉस. जन्म इथलाच, अमेरिकेतल्या शॉमबर्गचा. तिचे वडील माझे मित्र, म्हणून ऑफिसातही मी काकाच.

"हो."

"व्हाय?"

आमची कंपनी कायदेशीर कागदांची भाषांतरं करून देते. मी रिव्ह्यूअर. नावं, तारखा, आकडे मूळ कागदाशी ताडून पाहायचे, एवढंच काम. भाषा आली नाही तरी चालतं. फिनिश मला येत नाही.

कागद हेल्मी नावाच्या, इथेच वाढलेल्या आणि फिनिश वाचता न येणाऱ्या वयस्कर बाईंचा होता. फिनलंडमधलं त्यांच्या वडिलांचं घर, आणि त्यापुढे 'लाइनहूतो' हा शब्द. भाषांतरकाराने 'मालकीची नोंद' लिहिलं होतं. मी सहज डिक्शनरी उघडली. लाइन म्हणजे कायद्याचा, हूतो म्हणजे पुकारा. नोंदीला पुकारा कशाला? मी गोंधळलो. आमच्या गावात कोर्टाची जप्ती आली की हलगी वाजवून दवंडी देत, मग घर लिलावात निघे. तेच असणार. भाषांतरकाराला न विचारता मी 'कोर्टाचा लिलाव' लिहून टाकलं.

"त्यांना वाटतंय, भावाने घर घालवलं आणि लपवलं," नेहा म्हणाली. "त्याच्या सत्तराव्या बर्थडेला जाणार होत्या. तिकीट कॅन्सल केलं, काका."

मी फिनलंडला फोन लावला. भाषांतरकार मार्कू शांतपणे सांगू लागला. पूर्वी घर-जमीन नव्या मालकाकडे गेली की कोर्टात तीनदा मोठ्याने पुकारत. नातेवाइकांनी ऐकावं, हरकत असेल तर सांगावी म्हणून. हरकत आली नाही की मालकी पक्की. पुकारा कधीच बंद झाला, शब्द राहिला. कागदात एवढंच होतं, की घर भावाच्या नावावर झालं.

म्हणजे दवंडी होतीच. पण ती नातेवाइकांना विचारण्यासाठी होती.

मी स्वतः बाईंना फोन करून चूक कबूल केली.

"नावावर झालेलं मला ठाऊकच होतं," त्या म्हणाल्या. "पण मी त्याला मेलमध्ये चोर म्हटलंय."

सुधारलेला कागद त्याच दिवशी पाठवला. आठवड्याने मी पुन्हा फोन केला. भावाने माफ केलं होतं. फक्त एक विचारलं होतं, "मला एक फोन करायला तुला किती वेळ लागला असता?" पण बाईंनी तिकीट परत काढलं नाही; त्याच्यासमोर जायची लाज वाटते, म्हणाल्या.

मार्कूला फोन करायला मला चार मिनिटं लागली होती. आता न कळलेला शब्द मी पिवळा करतो आणि ज्याला भाषा येते त्याला विचारतो. तोवर हात कीबोर्डवरून बाजूला.