समोर सातजण

डब्लिनमधल्या आमच्या शेजारच्या काकू शाळेच्या मीटिंगला जाताना जाड फाईल आणि शंकरपाळ्यांचा डबा नेतात. म्हणतात, “भांडायचंय, पण उपाशीपोटी नाही.” त्यांच्या मुलीला डाउन सिंड्रोम आहे. यंदा शाळेला तिला विशेष मुलांच्या वेगळ्या वर्गात हलवायचं होतं. काकूंनी मला सोबत नेलं. “काही बोलू नकोस गं, नुसती बाजूला बस. समोर शाळेचे सातजण असतात.”

तासभर काकू थांबत थांबत कायद्याची कलमं वाचत राहिल्या. वर्ग बदलायच्या संमतीपत्रावर सही त्यांनी केली नाहीच. शेवटी शाळेने माघार घेतली, मुलगी आपल्या वर्गातच राहिली.

पार्किंगमध्ये मी “जिंकलो!” म्हणून ओरडले.

काकू म्हणाल्या, “शाळेशी भांडता येतं गं. आपल्याच लोकांनी हिला बर्थडेला बोलवावं, म्हणून कुणाशी मीटिंग लावू?”