सुधाकरच्या गाडीचा दिवा

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरकरवाडा बंदरावरच्या बाजारात बांगडे निवडत होतो. त्याची बायको, आमची शुभदावहिनी, एवढंच म्हणाली, "भावोजी, हे इंजिनावर वाकले ते उठलेच नाहीत हो." त्या वेळी तो माझ्यापासून दोनशे पावलांवर, धक्क्याला लागलेल्या एका ट्रॉलरच्या पोटात होता. मी बांगड्यांच्या भावावरून घासाघीस करत असताना तो गेला... हे मला अजून पचलेलं नाही.

ट्रॉलरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा माणूस बंदरात नव्हता. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि आतला नेमका कुठला भाग कुरकुरतोय ते सांगायचा. मी आयटीआयमध्ये वायरमनचा ट्रेड शिकवायचो, त्यामुळे सगळ्यांचा मास्तर. माझा विश्वास मीटरच्या काट्यावर. "मास्तर, तुझा मीटर विचारलं तेवढंच सांगतो," असं तो मला चिडवायचा. मी म्हणायचो की तुझा कान न विचारलेलंही सांगतो, म्हणून तुझ्याकडची गिऱ्हाईकं रडत जातात. शाळेपासूनची मैत्री, त्यामुळे एकमेकांची उणीदुणी काढायला आम्हांला निमित्त लागत नसे. एकच विषय आम्ही चौदा वर्षं काढला नाही.

पावस गावाच्या अलीकडे आमच्या वाडीत शिरताना चढणीवर एक अवघड डावं वळण आहे. तिथे गाडी जवळजवळ थांबवून हँडल पार डावीकडे घ्यावं लागतं. चौदा वर्षांपूर्वी दिवेलागण उलटल्यावर सुधाकर मोटरसायकलवरून घरी येत होता आणि त्या वळणावर त्याच्या शेजारच्या गोविंदकाकांना त्याच्या गाडीचा धक्का लागला. वेग काहीच नव्हता, पण म्हातारा माणूस कडेच्या दगडी गडग्यावरून खाली पडला. खुब्याचं हाड मोडलं, आणि तिसऱ्या महिन्यात काका अंथरुणातच गेले. मी वळणाच्या पुढे, ओहोळावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलो होतो. गाडीचा आवाज ऐकला आणि दरडीच्या आडून ती काळीकुट्ट बाहेर येताना पाहिली. पंचनाम्याला मला विचारलं, मग वाडीच्या बैठकीतही विचारलं. मी म्हणालो, "दिवा नव्हता." डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं, आणि वर मास्तरांचा शब्द. सुधाकर मला एकदाच म्हणाला, "दिवा होता रे. मी रस्ता बघत होतो ना." मी माझा शब्द बदलला नाही. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही आणि गाडीलाही किल्ली लावली नाही. ताडपत्री घालून ती पडवीत उभी केली आणि तो बसने जायला-यायला लागला. पोलिसांकडचं प्रकरण मिटलं, पण त्याच्या अंगणाच्या गडग्यापलीकडच्या पार्वतीकाकी, गोविंदकाकांच्या पत्नी, त्याच्याशी पुन्हा एक अक्षर बोलल्या नाहीत. गणपतीत एकमेकांकडे जाणारी ताटंसुद्धा थांबली.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. समोरच्या सुरूच्या झाडांवर दहा-बारा बसले होते, पण एकही खाली येईना. वहिनी म्हणाली, मुलीचं शिक्षण पुरं करीन. कावळे ढिम्म. मुलगी म्हणाली, आईला अंतर देणार नाही. पुतण्याने घराच्या कौलांचं कबूल केलं. ऊन चढायला लागलं, भटजी घड्याळ बघायला लागले, दर्भाचा कावळा करू या म्हणून कुजबुज झाली. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण मीही मागून म्हणालो, "सुधा, तुझी गाडी मी चालू करतो." एक कावळा जरा खालच्या फांदीवर आला आणि तिथेच मान वाकडी करून बसला. मग माझ्या तोंडून काय निघालं ते मलाच ऐकू आल्यावर कळलं. "सुधा... दिवा मी बघतो." कावळा सरळ येऊन पिंडावर बसला. त्याला भूक लागली असेल, असं मी परतताना स्वतःला दोनदा सांगितलं.

दिलेला शब्द होता, म्हणून दहाव्यानंतर चौथ्या दिवशी ताडपत्री काढली. खाऱ्या वाऱ्याने गाडीचं जे करायचं ते करून ठेवलं होतं. सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलेलं, टाकीत पेट्रोलचा नुसता गुळासारखा चिकटा, बॅटरीच्या टोकांवर हिरवी बुरशी. टाकी धुतली, कार्बोरेटर उकलून त्याची बारीक भोकं तारेने मोकळी केली, प्लग बदलला, नवी बॅटरी आणली. बॅटरीची दुसरी वायर लावली मात्र, हॉर्न वाजला. मी बटणाला हात लावला नव्हता. दोन आखूड आणि एक लांब... वळणावर आला की घरी कळावं म्हणून सुधाकर वाजवायचा, अगदी तसा. स्वयंपाकघरातून वहिनी पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली आणि मला पाहून दारातच खाली बसली. पलीकडे पार्वतीकाकीही दारात आल्या होत्या. मी वायर ओढून काढली. बटण उघडून पाहिलं तर आत मिठाने खाऊन पत्र्याला पत्रा चिकटलेला. वीस वर्षं मी पोरांना शिकवलं की विजेत भूत नसतं, लूज कनेक्शन असतं. तेच वहिनीला सांगितलं. दोन आखूड आणि एक लांबच का, ते तिने विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट हँडलची. संध्याकाळी घरी जाताना मी गाडी मेन स्टँडवर लावून हँडल सरळ करून जायचो, आणि सकाळी ते पार डावीकडे वळलेलं असायचं. तीन दिवस असं झाल्यावर वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मी हातसुद्धा लावत नाही हो. पण दिवेलागणीला आवाज येतो, कर्र करून. हे होते तेव्हाही यायचा. रोज त्या वेळेला पडवीत जायचे नि ताडपत्रीत हात घालून हँडल फिरवत उभे राहायचे. मी विचारलं तर म्हणायचे, काही नाही गो, बघतोय." मी म्हणालो, पडवीला उतार आहे, पुढचं चाक अधांतरी राहतं, ते आपल्या वजनाने फिरत असेल. उतार खरंच आहे. तरी त्या दिवसापासून मी दिवेलागणीच्या आत घरी जाऊ लागलो, हे कबूल करतो.

इंजिन सुरू झालं ते तिसऱ्या आठवड्यात, आणि नेमकं सूर्य बुडताना. चाळीसेक किका मारून पाय भरून आले होते. आधी नुसता धूर, मग दोन-चार ठसके, आणि मग गाडी एका लयीत चालायला लागली. या जुन्या गाड्यांचा पुढचा दिवा बॅटरीवर नसतो, इंजिन फिरेल तेव्हाच लागतो. म्हणजे सुधाकर इतकी वर्षं बंद गाडीचं हँडल फिरवत काहीतरी शोधत होता, पण इंजिन सुरू केल्याशिवाय ते त्याला कधी सापडणारच नव्हतं. आणि इंजिन सुरू करायचा त्याला धीर नव्हता. मी दिव्याचा खटका दाबला. पिवळा झोत गडग्यावरून थेट पार्वतीकाकींच्या भिंतीवर पडला. मी मागे होऊन हात पुसत उभा राहिलो. गाडीजवळ कुणी नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर हँडल सावकाश डावीकडे फिरायला लागलं, कर्र आवाज झाला आणि दिवा गेला.

इंजिन चालूच होतं. मी पुढे होऊन हँडल सरळ केलं, दिवा आला. डावीकडे नेलं, गेला. पुन्हा सरळ, पुन्हा डावीकडे. अंगावर सरसरून काटा आला आणि त्याच वेळी सगळं लख्ख समजलं. गाडीच्या मानेपाशी, जिथे वायरी हँडलबरोबर वळतात, तिथे एक वायर वरून शाबूत होती आणि आतली तांब्याची तार तुटलेली होती. सरळ रस्त्यावर तुटलेली टोकं एकमेकांना टेकून राहायची, डाव्या वळणावर सुटायची. वळणाच्या आधी दिवा होता. ऐन वळणात, मला गाडी दिसली तेव्हा, नव्हता. माझ्याकडे मीटर होता, विद्या होती, रविवार होते, आणि मी एकदाही ही गाडी उघडून पाहिली नाही. आपण डोळ्यांनी पाहिलंय, एवढ्यावर मी मित्राला खोटा ठरवला. याची मला लाज वाटते, आणि ती इथे लिहिल्याने कमी होणार नाही.

गडग्यातल्या बेड्याचे आडवे बांबू सारून पलीकडे गेलो आणि मी पार्वतीकाकींना घेऊन आलो. त्या काठी टेकत आल्या, चौदा वर्षांत पहिल्यांदा. वहिनीने पदराने तोंड दाबून धरलं होतं. मी काही समजावू लागलो, तर म्हणाल्या, "मला शिकवू नको, दाखव." मी दाखवलं. मग त्यांनी काठी माझ्याकडे दिली आणि स्वतः दोन्ही हातांनी हँडल धरलं. सरळ... डावीकडे... सरळ. त्यांच्या घराची भिंत उजळत होती नि विझत होती. कितीतरी वेळा त्यांनी ते केलं. इंजिनाच्या आवाजात त्या काहीतरी पुटपुटल्या, म्हणून मी गाडी बंद केली.

"ह्यांनी सांगितलनी होतं मला," काकी म्हणाल्या. "अंथरुणावर होते तेव्हा. अगो, उजेड डोळ्यांवर आला, म्हणून मी कडेला झालो, नि एकदम गेला. दोनदा सांगितलनी."

"मग काकी, तुम्ही बोलला का नाहीत कुणाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. "मास्तर म्हणत होता, दिवा नव्हता. मी म्हटलं, हे तापात बरळतायत."

त्या वहिनीपाशी गेल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काठी मागून घेतली. जाताना गाडीकडे बोट करून म्हणाल्या, "ती तार तेवढी बदल हो. अजून कोणाला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बदलली. वीतभर वायर लागली. अर्ध्या तासाचं काम होतं.