अण्णांची सात बाय पन्नास

अण्णा आज सकाळी गेले. या माणसावर मी आयुष्यभर जळलो. आज खोटं लिहिणार नाही.

अण्णा म्हणजे माझ्या वडिलांचे जिवलग दोस्त. ड्रॉइंगचे मास्तर. वय ब्याण्णव.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. दोघं विशीतले. मसाई पठारावर तंबू ठोकायचा आणि तारे बघायचे, हे वेड.

कागलला एका पेन्शनर सुभेदाराकडे दोन जुन्या दुर्बिणी विकायला आहेत, असं कळलं. दोघं सायकली हाणत गेले.

एक १२×४०, चकचकीत.
दुसरी ७×५०, जड, रंग उडालेली.
किंमत सारखीच.

अण्णा म्हणाले, "तू थोरला हाईस. तू पयला निवड."

बाबांनी बाराची घेतली. बारा पट मोठं दिसणार, अजून काय पाहिजे! (आजही लोक पॉवरचा आकडा बघूनच दुर्बीण घेतात. असो.)

पठारावर पहिल्याच रात्री बाबांच्या दुर्बिणीत कृत्तिका लाह्यांसारख्या उडायला लागल्या. पॉवर बारा पट, तर हाताचं कापणंही बारा पट.

शेजारी अण्णा निवांत. "देवयानीतला धुरकट ठिपका घावला रं! लई झ्याक!" (देवयानी तारकासमूहातली दीर्घिका ती.)

आणि काय ते आकाश असेल! खाली लांबवर एक दिवा नाही. मला त्या दुर्बिणीचा हेवा वाटत आला, त्या आकाशाचाही.

बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, "नशीब त्याचं."

मला ते कधीच पटलं नाही. मी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, पण भिंगांचं शास्त्र पुस्तकं आणून एकट्यानं शिकलो. पुढच्या भिंगाची रुंदी भागिले पॉवर. पन्नास भागिले सात, सात पूर्णांक एक दशांश. चाळीस भागिले बारा, तीन पूर्णांक तीन दशांश. डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. झोत रुंद, तर अंधूक गोष्टी दिसणार. यात नशीब कुठे आलं?

गेल्या महिन्यात त्यांच्या खाटेशी बसून विचारलंच.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं ना?"

"व्हय."

"कसं?"

"तुझा बा सुभेदारासंगं गप्पा हाणत हुता. मी दोन्ही दुर्बिणी हातभर लांब धरून आभाळाकडं केल्या. डोळ्याला लावायच्या भिंगात उजेडाचा ठिपका दिसतो बघ. एकीत जुंधळ्याएवढा, एकीत हरभऱ्याएवढा."

"मग बाबांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर त्यानंच घेतली असती की!"

अण्णांच्या डोळ्याची पापणी लवली नाही.

जे गणित शिकायला मला चार वर्षं लागली, ते या माणसानं भर दुपारी, परक्या अंगणात, नुसत्या नजरेनं सोडवलं होतं.

जाब विचारायला गेलो होतो. चहा पिऊन परत आलो.

वाटेत स्वतःला विचारलं, त्या जागी मी असतो तर सांगितलं असतं का?

नसतं.

आणि सत्तर वर्षांनी कुणी विचारलं असतं, तर इतकं सरळ कबूलही केलं नसतं.

अण्णा, बाबा भेटले तर त्यांनाही असंच तोंडावर सांगा. शिव्या पडतील, खा.

शेवटचा नमस्कार.