अक्कानं धरलेली जागा

मला आयुष्यात एकाच बाईचा मनापासून हेवा वाटला, आणि ती बाई, आमची अक्का, कॉलेजात घंटा वाजवायची. मी एम.ए., तिनं शाळा चौथीत सोडलेली. मी तास घ्यायचे, ती तास संपवायची. आता पोरी कुणाकडं बघून हसणार, ते सांगायला नको.

नवी मुलगी बिदरच्या आमच्या कॉलेजात आली की अक्का तिला फाटकातच विचारी, "तुझ्या गावची शेवटची बस कितीला हाय गं?" मुलगी गडबडली की वेळ स्वतःच सांगे. मी एकदा विचारलं, हा कसला प्रश्न? म्हणाली, "बाई, घरी जायची बस ठाऊक असली की पोरगी दिवसभर निवांत बसती." झालं! दुसऱ्या दिवशी फाटकात मी उभी, तोच प्रश्न घेऊन. मुलींना वाटलं, बाईंनाच गावाला जायचंय. दोघींनी मला चिंताकीच्या बसची वेळ सांगितली आणि घाई करा म्हणाल्या.

मी तेव्हा नुकतीच बदलून आलेली, ठसका तर विचारू नका. मधूनच कॉलेज सोडणाऱ्या मुलींना थांबवायचं काम प्राचार्यांनी मला दिलं. मी लगेच फाइल केली, तिच्यावर सुरेख अक्षरात माझंच नाव घातलं. त्याच आठवड्यात संतपूरची सुनंदा यायची थांबली, तीही माझ्यामुळंच. ती मराठी शाळेतून आलेली. माझा कन्नडमधला इतिहासाचा तास तिच्या डोक्यावरून जायचा. काही विचारलं की नुसती उभी. मी भर वर्गात म्हणाले, "बोलायचं नसेल तर घरीच बस." मुलगी आज्ञाधारक. बसली घरी. सोमवारी वडील येऊन तिचं नाव काढणार, असं कळलं.

मी आणि अक्का औरादहून एकाच बसनं यायचो. हे कळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून अक्का बसमध्ये शेजारच्या जागेवर आपली वायरची पिशवी ठेवू लागली. बस गच्च भरलेली, मी दांडी धरून लोंबकळतेय.

"अक्का, पिशवी मांडीवर घ्या की. तुमच्या बाई उभ्या हायत," एक धोतरवाले अप्पा म्हणाले.

"ही जागा सुनंदाची हाय."

"कुठं हाय सुनंदा?"

"आज आली न्हाई. उद्या येती."

"मग आज कामून धरायलात?"

"आज कुणी बसलं न्हाई, हे तिला कळाया नगं व्हय?"

वाटेत संतपूरच्या थांब्यावर ती खिडकीतून चहावाल्याला ओरडून सांगे, "सुनंदाला सांग, जागा धरलीया म्हणावं!" चार दिवस हेच. चार दिवस पिशवी बसून आणि मी उभी. रिकाम्या पिशवीचा हेवा करणारी प्राध्यापिका तुम्ही पाहिली नसेल, मी होते.

सोमवारी सुनंदा आली. वडीलही आले होते, पण थांब्यापर्यंतच. सगळं संतपूर विचारत होतं म्हणे, जागा रिकामी का चाललीय? मला बघून पोरगी पायरीवरच थबकली. अक्कानं पिशवी उचलली. "बस गं. बाईंनीच धरायला सांगितली हुती. रोज स्वतः उभ्या ऱ्हायल्या, पण तुझ्या जागेवर बसल्या न्हाईत."

सुनंदाचे डोळे भरले. तिनं त्या गर्दीत वाकून माझे पाय धरले. आणि मी? मोठ्या मनाच्या बाईसारखा आवाज काढून म्हणाले, "असू दे, असू दे. डबा आणलास ना?"

सुनंदा टिकली, शिकली, मास्तरीण झाली. दर गुरुपौर्णिमेला मला फोन करते. तो मान अक्काचा आहे, हे मी तिला कधी सांगितलं नाही. अक्काकडं नाही असं माझ्याकडं तेवढं एकच होतं.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेली. सुनंदा फोनवर रडत होती. मलाही राहवलं नाही. म्हटलं, "सुनंदा, ती जागा मी धरली नव्हती गं."

"ठाऊक हाय, बाई."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी अक्कानं सांगितलं. म्हणाली, बाईला कळू देऊ नगंस. तीबी नवीनच हाय हितं, तिचं कुणीच न्हाई. तू तिला बाई बाई करत जा, म्हणजे टिकंल."

फोन ठेवला. रडायचं सोडून मी धुसफुसत बसले. एवढी माझ्याबद्दलची गोष्ट, आणि अक्कानं ती सांगितली कुणाला, तर सुनंदाला!