तीन कोटेशनांचे व्याही

या, अशा जवळ येऊन बसा. दारात उभं राहून, एक चप्पल पायात ठेवून, "मावशी, पोरीला परदेशी शिकवायला खर्च किती येतो, आणि इथेच शिकवली तर किती?" असं विचारतं का कुणी? इतके महिने तोंड दाखवलं नाहीत, आणि आलात तेही रिक्षा खाली उभी करून. सोडून द्या ती रिक्षा. या प्रश्नाचं उत्तर रिक्षा थांबवून मिळणारं नाही. ते मिळवण्यासाठी माझ्या व्याह्यांनी अर्धं पिंपरी-चिंचवड दमवलंय, आणि आमच्या व्याह्यांइतका भाव विचारणारा माणूस आकुर्डीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात झाला नाही, यापुढे होईल असंही मला वाटत नाही.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. चाकणच्या एका कंपनीत खरेदी खात्यात त्यांचा जन्म गेला. साधा नट घ्यायचा झाला तरी तीन ठिकाणांहून लेखी भाव मागवायचे, ते शेजारी शेजारी मांडायचे आणि सगळ्यांत कमी असेल त्याला काम द्यायचं, हा तिथला नियम. निवृत्त झाले तेव्हा खुर्ची कंपनीत राहिली आणि नियम त्यांच्याबरोबर घरी आला. सत्यनारायण घालायचा तर तीन गुरुजींना फोन. "अध्याय सगळ्यांचे पाचच ना? मग दरात फरक कशाचा?" असं त्यांनी एका गुरुजींना इतक्या नम्रपणे विचारलं की गुरुजींना राग यायला दुसरा दिवस उजाडला. दाढ दुखायला लागली तेव्हा तीन दंतवैद्य झाले. तिसऱ्याचा जिना चढता चढता दाढ आपण होऊन हातात आली, तर हे रुमालात बांधून घरी आले आणि म्हणाले, "चौथी पार्टी निघाली. सगळ्यांत स्वस्त."

त्यातही नुसता भाव त्यांना पुरत नाही. त्यांना हवी असते पोच किंमत, म्हणजे वस्तू आपल्या दारात पडेपर्यंत तिला लागलेलं सगळं. एकदा कांदा स्वस्त म्हणून स्कूटरवर चाकणच्या बाजारात गेले. येताना पोतं पुढ्यात घेऊन खड्ड्यांतून आले आणि कंबर धरली. मग पेट्रोल, मलम आणि शेकायची पिशवी असं सगळं त्या कांद्यावर चढवून त्यांनी स्वतःच जाहीर केलं की हा कांदा आपल्याला सफरचंदाच्या भावात पडला. लपवाछपवी नाही हो माणसात. स्वतःची फजिती ते दुसऱ्याची असल्यासारखी सांगतात, म्हणून तर मला आवडतात.

माझी लेकसुद्धा तीन कोटेशनांतूनच त्या घरात गेली. खरं म्हणजे जावयांनी आणि हिनं आधीच एकमेकांना पसंत केलं होतं. पण मुलगी एकच पाहिली, हे व्याह्यांच्या मनाला बरं वाटेना. त्यांनी आणखी दोन स्थळं काढली, त्या घरी गेले, पोहे खाल्ले आणि निघताना प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "निर्णय झालेला आहे, आम्ही फक्त पद्धत म्हणून आलो होतो." पहिल्या घरी लोक हसले म्हणे. दुसऱ्या घरी मुलीच्या आजीनं हातातला चहा काढून घेतला. माझ्या विहीणबाई, म्हणजे व्याह्यांची बायको, देव त्यांच्या आत्म्याला सुखात ठेवो, हे सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या.

तर अशा माणसाची ही नात. माझीही नातच, पण वाढली त्यांच्याजवळ. आकुर्डीच्याच कॉलेजात इंजिनियर झाली आणि म्हणाली, आता पुढचं गाड्यांच्या बॅटऱ्यांचं शिकायचंय, जर्मनीत. जागाही मिळवली. लेक-जावई म्हणाले, इथेच कर, पुण्यात काय कमी आहे? घरात दोन तट पडले आणि मग नेहमीप्रमाणे सगळे व्याह्यांकडे वळले, की आबा, तुम्ही तुलना करा, तुम्ही म्हणाल ते.

व्याही कामाला लागले. इकडची फी, स्कूटी, कँटीन, क्लास. तिकडे सरकारी विद्यापीठ, म्हणून फी जवळजवळ नाही. पण वर्षभराचा राहण्याखाण्याचा पैसा आधीच बँकेत अडकवून ठेवायचा, शिवाय खोलीचं भाडं, विमा, विमान आणि थंडीचे कपडे. परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात ते मला सोबत घेऊन गेले. तिथली पोरगी गोड होती, अंकल अंकल करत होती. व्याह्यांनी विचारलं, "रिजेक्शन किती?"

ती म्हणाली, "व्हिसाचं का अंकल?"

"नाही. गेलेल्यांपैकी किती पोरं शिक्षण अर्धं टाकून परत येतात?"

ती गोंधळली. मग तिनं दोघांना एकेक पिशवी भेट दिली. व्याह्यांनी दोन्ही टेबलावर परत ठेवल्या. माझीही. बरी होती हो पिशवी, भाजीला झाली असती. पण ऑर्डर देण्याआधी भेट घ्यायची नाही, हाही नियम.

आता अडचण अशी, की पर्याय दोनच होते, इथे किंवा तिथे. व्याह्यांना झोप येईना. शेवटी त्यांनी तिसरं कोटेशन आणलंच. त्यांच्या जुन्या कंपनीत जाऊन विचारून आले. पोरीनं तिथे नोकरी धरायची आणि संध्याकाळी पुण्यात पुढच्या पदवीचे तास करायचे. पगार चालू, फीचा काही भाग कंपनी देणार, अडकवायचा पैसा शून्य. तिन्ही शेजारी मांडले आणि अर्थातच हे सगळ्यांत स्वस्त. नियमाप्रमाणे ऑर्डर चाकणला जायची.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "आबा, मी काय नट-बोल्ट आहे का?" भांडली नाही, रडली नाही. फक्त संध्याकाळचा चहा आबांबरोबर घ्यायची, तो आपल्या खोलीत घ्यायला लागली.

आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते, आणि निवृत्तीनंतरही गुरुवार म्हटला की व्याही माझ्याकडे चक्कर टाकतात. त्या गुरुवारी आले, तर मी मेथी निवडत बसले होते. मेथी केवढ्याला घेतली हे त्यांनी विचारलं नाही. तेव्हाच मी ओळखलं की माणसाचं काही ठीक नाही.

समोर येऊन बसले आणि म्हणाले, "विहीणबाई, या खरेदीवर मला सही करता येत नाही."

"कसली खरेदी?"

"पोरीची." मग आपणच काड्या वेगळ्या करायला लागले. "माझ्या साडूचा तळेगावात रबरी पार्टचा कारखाना होता. त्याचं कोटेशन टेबलावर आलं की मी उठून बाहेर जायचो. पॅसेजमध्ये उभा राहायचो. साहेब म्हणायचे, बस रे, आमचा तुझ्यावर विश्वास आहे. मी म्हणायचो, माझा नाही."

"इथे कोण आहे तुमचा साडू?"

"मीच. तिसरं कोटेशन कुणी मागितलं होतं का? मी शोधायला गेलो. ते नेमकं स्वस्त निघालं. कंपनीची बस नेमकी आपल्या चौकात थांबते. हे सगळं आपोआप झालं, असं मी मला सांगत होतो."

"तिनं इथे राहावं असं वाटतं तुम्हाला."

"हो."

"मग तसं सांगा की तिला."

"सांगितलं तर ती राहील," ते म्हणाले. "म्हणून सांगायचं नाही."

माझ्या विहीणबाई गेल्यापासून त्या घरात व्याह्यांशी दिवसभराचं बोलणारी ती एकटीच. लेक-जावयांच्या शिफ्टा, दोघं घरी येतात ती आडवं व्हायला. मग व्याही म्हणाले, "तुम्ही ठरवा. तुम्ही बाहेरच्या."

"मी कसली बाहेरची? ती गेली तर माझे गुडघे कोण चोळणार? मलाही ती इथेच हवीय. मीही बाद."

आमचे हे कोपऱ्यात पेपर वाचत होते. डोकं वर न काढता म्हणाले, "मग दोघं पॅसेजमध्ये उभे राहा आणि पोरीला आत बसू द्या."

ह्यांनी थट्टा केली होती. व्याह्यांनी ती पद्धत म्हणून घेतली. लगेचच्या रविवारी आकुर्डीला त्यांच्या घरी पोरीला आणि तिच्या आईबापाला हॉलमध्ये बसवलं, तिन्ही पर्याय पोरीच्या हातात दिले, म्हणाले, "यातला कुठलाही घे, मी भाव पुन्हा विचारणार नाही," आणि मला घेऊन घराबाहेर आले. दार ओढून घेतलं. आम्ही दोन म्हातारी माणसं लिफ्टपाशी उभी. समोरच्या बाई दूध घेऊन आल्या, म्हणाल्या, "किल्ली हरवली का काका?" व्याही म्हणाले, "नाही, मीटिंग चालू आहे." त्या बाई आमच्याकडे बघत बघत आत गेल्या. व्याही भिंतीला टेकून ताठ उभे होते. आतून आवाज आला की माझा कान तिकडे जायचा. ते मात्र लिफ्टचे आकडे वर-खाली होताना बघत होते, आणि हात मागे बांधलेले, ते एकमेकांना घट्ट धरून.

दार पोरीनंच उघडलं. "आबा, जर्मनी," म्हणाली.

"बरं," म्हणाले. मग जरा थांबून, "कोट इथून घ्यायचा की तिथे?"

कर्ज तिच्या नावावर झालं, आणि बँकेत अडकवायचा पैसा व्याह्यांच्या फंडातून गेला. राहिला कोट. त्यासाठी तीन दुकानं झाली, ते रीतीप्रमाणेच. पण मग चौथंही झालं. पाचवं पुनावळ्याकडे कुठलंसं नवीन निघालंय म्हणून तिकडेही आजोबा-नात स्कूटरवर गेली. माझी लेक वैतागली, पोरीच्या कामांचा ढीग पडला होता. पोरगी मात्र हेल्मेट घालायची आणि म्हणायची, "अजून एक बघूया, आबा." कोट घेतला तो पहिल्या दुकानातलाच.

आता ती तिकडे रमलीय. दुकानात गेली की तांदळाच्या तीन पिशव्यांचे फोटो भावासकट आबांना पाठवते आणि विचारते, कुठला घेऊ? तिला काय कळत नाही? पण विचारते. आणि व्याही चष्मा पुसून, किलोचा भाव काढून उत्तर देतात. कधी कधी उत्तर पोचेपर्यंत तिचा भात खाऊन झालेला असतो, तेही ती सांगत नाही.

परवा बसल्या बसल्या मला म्हणाले, "त्या दिवशी आपण आत बसलो असतो तर?"

मी म्हटलं, "राहिली असती."

"हो," म्हणाले, आणि कपातला उरलेला चहा उगाच फिरवत बसले.

तेव्हा खर्चाचं म्हणाल, तर इकडचं तिकडचं सगळं ते तुम्हाला पैशापर्यंत सांगतील, विचारू नका म्हटलंत तरी सांगतील. पोरीला घेऊन या एखाद्या गुरुवारी. तिला आत बसवू आणि आपण तिघं बाहेर गप्पा मारू. पण पुढच्या दिवाळीवर ढकलू नका, लवकर या. बोलायला माणूस मिळालं की व्याह्यांचा गुरुवार जरा बरा जातो.