मांडवातले भुंगे

धनजच्या आमच्या वावरात कारल्याचा मांडव आहे आणि त्याला लागूनच वांगी. यंदा ती वांगी सासूबाईंनी पहिल्यांदाच माझ्या हाती सोपवली होती, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागलेला. त्यातून माझा स्वभाव असा, आधी हात चालतो, मग डोकं.

मांडवाच्या बांबूंना काळे भुंगे भोकं पाडत होते. खाली भुसा सांडलेला. मांडव कारल्यांसकट अंगावर येईल या धास्तीने एका संध्याकाळी, भुंगे आत शिरल्यावर, मी डिझेलमध्ये बुडवलेल्या चिंध्या भोकांत कोंबल्या आणि वरून माती लिंपली. स्वतःचं फार कौतुकही वाटलं.

आठवडाभरात वांग्याची फुलं गळायला लागली. मी पाणी वाढवलं, मग कमी केलं. पानं उलटून किडी शोधल्या. कारंज्याहून औषध आणलं, पण फवारायची हिंमत होईना. रोज सकाळी सरीत पडलेली जांभळी फुलं मोजत बसायचे.

शेवटी सासूबाईंना बोलावलं. त्या फुलांकडे बघेनात, मांडवाकडेच बघत राहिल्या.

“भोकं काहून बुजवले वं?”

मी सांगितलं. त्या मटकन बांधावर बसल्या.

“अवं, थो भुंगा फुलाले धरून थरथरते, तवा आतली भुकटी झडते, तवा वांगं धरते. मधमाशीच्यानं नाही होत ते.”

मोबाईलवर पाहिलं, तर युरोपात टोमॅटोच्या काचघरांत याच कामासाठी केसाळ भुंगे खोक्यातून विकत आणतात. आणि मी घरचे फुकटचे मारले होते.

एक बांबू चिरला. आत भुशाच्या पातळ भिंती घालून खोल्या पाडलेल्या. प्रत्येक खोलीत परागाचा पिवळा गोळा, त्यावर एक पांढरी अळी, निपचित. तोंडाशी त्यांची आई मरून पडलेली. मला रडूच फुटलं. वांग्यांसाठी की तिच्यासाठी, ते अजून सांगता येत नाही.

मग मी सगळ्या चिंध्या उपसल्या आणि एकेका बांबूला कान लावत गेले. कुठेच काही नाही. राहिला टोकाचा उंच आडवा बांबू. तिथे त्या दिवशी माझा हात पोचला नव्हता आणि स्टूल आणायचा मी कंटाळा केला होता. आता स्टुलावर चढून कान लावला. आतून बारीक गुणगुण येत होती.

“आई, हाये! एक हाये!” मी वरूनच ओरडले.

“मंग उतर खाली,” सासूबाई म्हणाल्या, “अन् आता कायलेच हात लावू नको.”