दुसऱ्यांदा केलेली सफाई

कल्पना करा, कुणाचा तरी घामट शर्ट तुमच्या हातात आहे. काखेत पिवळं, खिशापाशी वाळलेली उलटी. नाक मुरडायचं नाही. खाली फडकं धरून वरून नुसतं टिपत राहायचं. घासलं की कापड विरलंच.

लॉन्ड्रीवाल्या वहिनी रोज हेच करतात. लॉन्ड्री सासूबाईंची, आणि सासूबाईंना स्वच्छतेचं वेड.

वहिनींचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला. गल्लीतल्या डॉक्टरांनी पिशवी साफ केली. पुढे थोडं थोडं लाल दिसत राहिलं, तशा सासूबाई सुनेला घेऊन पुन्हा दवाखान्यात हजर.

"आत घाण राहिलीय. अर्धवट काम मला खपत नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुन्हा खरवडलं.

मग पाळी कमी होत होत थांबली. दर महिन्याला पोट मात्र दुखायचं. "कटकट गेली म्हण की!" सासूबाई खूश. मूल राहीना, तेव्हा मावससासूबाईंनी काळा काढा आणला. वहिनींच्या नवऱ्यानं वास घेतला. "यानं डाग जाईल गं, मूल कसं येईल?" आणि सगळा मोरीत ओतला.

शेवटी दोघं मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, "पिशवीचं आतलं अस्तर दर महिन्याला नव्यानं वाढतं. फार खोल खरवडलं की ते वाढत नाही, आणि उघड्या भिंती एकमेकींना चिकटतात. मग गर्भ रुजणार कुठे?"

पिशवीच्या तोंडातून बारीक कॅमेरा घालून त्यांनी चिकटलेले पडदे कात्रीनं सोडवले. भिंती पुन्हा जुळू नयेत म्हणून आत छोटा फुगा ठेवला, तो काही दिवसांनी काढला. अस्तर वाढायला गोळ्या दिल्या.

घरी सासूबाईंनी चष्मा चढवून कॅमेऱ्यातले फोटो पाहिले. गुलाबी भिंतींमध्ये पांढरट जाळी.

"बघ! मी म्हणत नव्हते? घाण होतीच!"

वहिनींनी आज नाक मुरडलं. उलटीचे शर्ट धुताना कधी मुरडलं नव्हतं.

"ही घाण नाही, आई. ही तुम्ही करून घेतलेली सफाई आहे."

सासूबाई फोटो ठेवून इस्त्रीकडे वळल्या.

पुढच्या तपासणीत पिशवी मोकळी दिसली, पण एका बाजूचं अस्तर पातळच होतं. "प्रयत्न करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हमी देत नाही. आणि दिवस राहिले तर बाळंतपणात वार नीट सुटेल ना, यावर लक्ष ठेवावं लागेल."

परतताना वहिनी गल्लीतल्या दवाखान्यात शिरल्या. डॉक्टर चहात बिस्किट बुडवत होते.

"या, या वहिनी! काय, गोड बातमी?"

ओल्या बिस्किटाचा तुकडा त्यांच्या ओठाला चिकटला होता. वहिनींनी नजर वळवली, पण त्या बसल्या नाहीत आणि निघाल्याही नाहीत.

"डॉक्टर, दुसऱ्यांदा खरवडण्याआधी आत खरंच काही उरलंय का, हे तुम्ही तपासलं होतंत का?"